दम सुटल्यावर

'दम' हा शब्द मराठीत किती अंगांनी वावरतो, हे अर्थविचाराच्या तासाला मी गेली अनेक वर्षे सांगत आले आहे. दम लागतो, दम निघतो, दम धरावा लागतो. वरिष्ठ दम देतात, आणि एखाद्याच्या लेखनात दम नसतो. वर्गाला हा तास आवडतो, कारण यातली उदाहरणे मुलांच्या रोजच्या बोलण्यातली असतात. मात्र या शब्दाचा एक अर्थ मला वर्गाबाहेर शिकावा लागला. ज्याने तो शिकवला तो माझा विद्यार्थी होता, आणि माझ्याच विषयाच्या परीक्षेत नापास झालेला होता.

गोष्ट 2009 सालची. मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरातील महाविद्यालयात मी तेव्हा नुकतीच स्थिरावले होते. द्वितीय वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसत असे. बसत असे म्हणण्यापेक्षा झोपत असे म्हणणे अधिक खरे. घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या डोंगरउतारावर त्याचे घर. रात्री अकरापर्यंत मंडळाचा कबड्डीचा सराव, पहाटे पाणी भरण्याची पाळी, आणि सकाळी साडेसातला माझा तास. हे वेळापत्रक मला तेव्हा माहीत नव्हते. मी विचारले नव्हते. हजेरी कमी भरली म्हणून तो एका अर्जावर सही मागायला आला. कुठल्याशा निवड शिबिराला जायचे होते. मी सही केली आणि पेनाचे टोपण लावता लावता म्हणाले, "खेळून पोट भरत नाही, एवढं लक्षात ठेव." तो "हो मॅडम" म्हणाला. त्या वर्षी माझ्या पेपरात तो नापास झाला, आणि पुढच्या वर्षी महाविद्यालयात आलाच नाही.

हे वाक्य मी वाईट हेतूने उच्चारले नव्हते. पण ते अज्ञानातून आले होते, हे नंतर कळले. मुंबईतील कबड्डी गिरणगावातल्या चाळींच्या आणि मंडळांच्या आधाराने वाढली. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावत गेल्या, कुटुंबे उपनगरांकडे सरकली, आणि त्यांच्याबरोबर हा खेळही घाटकोपर, भांडुप, जोगेश्वरीच्या मोकळ्या तुकड्यांवर आला. या खेळाडूंसाठी चषकापेक्षा मोठे बक्षीस होते नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांच्या संघांत निवड झाली की घर उभे राहत असे. म्हणजे खेळून पोट भरत होते. मात्र मोजक्यांचे, आणि शरीर साथ देईपर्यंतच. माझ्या विद्यार्थ्याला हा हिशेब माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. त्याने तो मला सांगितला नाही, एवढेच.

कबड्डीकडे माझे लक्ष वेधले गेले ते 2014 मध्ये. त्या वर्षी 26 जुलैला वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात प्रो कबड्डीचा पहिला हंगाम सुरू झाला आणि तांबड्या मातीतला हा खेळ छपराखाली, मॅटवर, प्रखर दिव्यांत घराघरांतल्या पडद्यावर आला. घरातल्या मुलांनी मला नियम समजावले. तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद क्रीडांगण, मध्यरेषा, तिच्यापासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईला तीस सेकंद. मला कुतूहल वाटले ते दमाचे. जुन्या हुतुतूत चढाई करणाऱ्याचा अवधी घड्याळ मोजत नसे, त्याचा श्वास मोजत असे. आज घड्याळ आले, तरी 'कबड्डी' हा उच्चार एका दमात, अखंड आणि पंचांना ऐकू जाईल असा करावाच लागतो. शब्द थांबला की प्रतिस्पर्ध्याच्या अंगणातला आपला अधिकार संपला. भाषेच्या शिक्षकाला हा नियम आवडावा यात नवल नाही.

मुंबईच्या यू मुंबा संघाचा कर्णधार अनुप कुमार होता. गुडगावजवळच्या एका खेड्यातला, पोलीस दलात नोकरी करणारा. 2010 आणि 2014 च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघांत तो होता. 2016 साली अहमदाबादला इराणला 38-29 असे हरवून विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा तो कर्णधार होता. त्याच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि 2015 मध्ये विजेतेपद मिळवले. मला मात्र आकड्यांपेक्षा त्याचा एक पाय पाहायला आवडे. समोर सहा किंवा अधिक खेळाडू असताना चढाई करणाऱ्याने बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवला आणि त्या क्षणी त्याचा मागचा पाय अधांतरी असला, तर त्याला एक गुण मिळतो. या गुणात अनुपचा हात धरणारे कोणी नव्हते. तो घाई केल्यासारखा दिसतच नसे. बोलत बोलत शेजाऱ्याच्या ओट्यावर पाय ठेवून परत यावे, तसा तो तो गुण घेऊन येई.

डिसेंबर 2018 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली आणि 2019 च्या हंगामात तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक म्हणून रेषेबाहेर उभा राहिला. त्या हंगामात पलटणला बाद फेरी गाठता आली नाही. पडद्यावर मधूनच त्याचा चेहरा दिसे. खेळताना कधीही न दिसलेली अस्वस्थता आता त्यावर दिसते आहे, असे मला वाटे. ती त्याची होती की पाहणारीची, कोण जाणे. पुढच्या, 2021-22 च्या हंगामात पलटण बाद फेरीपर्यंत पोचली. त्याच हंगामात नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार हा तरुण चढाईपटू नावारूपाला आला. 2024 साली पलटणने विजेतेपद मिळवले तेव्हा कर्णधार अस्लम होता. प्रशिक्षक मात्र बी. सी. रमेश होते. त्या चषकात अनुपचा वाटा किती, हे कुठल्याही गुणफलकावर लिहिलेले नाही. शिकवण्याच्या व्यवसायात असे व्हायचेच. आपण पदवीच्या वर्गात शिकवलेले कुठे उगवते आणि कोणाच्या नावावर जमा होते, याची नोंद आपल्याकडे तरी कुठे असते?

मैदानी खेळ छपराखाली आणण्याचा प्रयोग केवळ आपणच केला असे नाही. अमेरिकी फुटबॉलची छपराखालची आवृत्ती, अरीना फुटबॉल, तिकडे 1987 पासून व्यावसायिक स्वरूपात सुरू झाली. शंभर यार्डांचे मैदान पन्नासांवर आले, अकरांऐवजी आठ खेळाडू, कडेला गाद्या लावलेल्या भिंती. त्या खेळातल्या जे ग्रूडन या खेळाडूची कहाणी मी वाचली. टॅम्पा बे संघासाठी खेळताना 1991 ते 1996 या काळात त्याने चार अजिंक्यपदे मिळवली. मग तो ऑर्लँडोचा प्रशिक्षक झाला आणि 1998 व 2000 साली त्या संघाला विजेतेपद मिळवून दिले. एवढे यश पदरी असताना 2002 मध्ये तो पुन्हा खेळाडू म्हणून त्याच संघात उतरला, दोन हंगाम खेळला, आणि मग परत प्रशिक्षकाच्या जागी गेला. पुढे 2014 ते 2019 तो मुख्य प्रवाहातल्या वॉशिंग्टनच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. या सगळ्यात मला ती दोन वर्षे महत्त्वाची वाटतात. यशस्वी प्रशिक्षकालाही रेषा ओलांडून आत जावेसे वाटते. आत असताना ज्ञान अंगात असते; बाहेर आल्यावर ते दुसऱ्याच्या अंगात उतरवावे लागते, आणि तो मार्ग शब्दांतून जातो.

माझा विद्यार्थी परत आला तो 2019 च्या पावसाळ्यात. मी प्राध्यापक कक्षात उत्तरपत्रिका तपासत होते. दारात एक किंचित लंगडणारा माणूस उभा राहिला आणि त्याने "मॅडम, येऊ का?" असे विचारले. नाव सांगितल्यावर ओळख पटली. सहा वर्षांपूर्वी एका सामन्यात त्याच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले होते; शस्त्रक्रियेसाठी पैसे जमेपर्यंत उशीर झाला होता. दिवसा भांडुपच्या एका गोदामात काम आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलींना कबड्डी शिकवणे, असा त्याचा दिवस होता. तो उजवा कोपरारक्षक होता. चढाई करणारीचा पाय आत आला की घोटा पकडायचा, हे त्याचे काम आणि हाच त्याचा लौकिक.

"मॅडम, माझी एक अडचण आहे," तो म्हणाला, "आणि ती भाषेची आहे असं मला वाटतं. मुलगी कोपऱ्यात उभी असते. चढाईवाली आत येते. मला दिसतं, आता पकडायची. मी ओरडतो, 'आता!' पण मी 'आता' म्हणेपर्यंत आता निघून गेलेलं असतं."

हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. काळाविषयी इतके नेमके विधान मी कुठल्या समीक्षाग्रंथात वाचल्याचे आठवत नाही.

मी त्याला विचारले, "तुला स्वतःला ते कसं कळायचं?"

"कळायचं नाही मॅडम. हात जायचा."

"हात जायच्या आधी तू कुठे बघायचास?"

"पायाकडे."

"कुठल्या?"

तो गप्प झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ते मला कोणी विचारलंच नाही."

मग जे घडले ते त्या कक्षात यापूर्वी घडलेले नव्हते. दोन कपाटांमधल्या जागेत तो गुडघा सांभाळत वाकून उभा राहिला आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही चढाई करा." दार लोटून घेऊन, साडीचा पदर खोचून मी चढाई केली. मी पाय पुढे टाकला की त्याचा हात हलायचा आणि तो मध्येच थांबून स्वतःकडे पाहायचा. "परत, मॅडम." सात-आठ वेळा हे झाले. शेवटी तो खाली बसून माझ्या चपलांकडे बोट दाखवत म्हणाला, "मागचा पाय. मी मागचा पाय बघतो. पकडतो पुढचा, पण बघतो मागचा." मागची टाच जमिनीवरून सुटली की सगळा भार पुढच्या पायावर आलेला असतो. तो पाय तिला लगेच उचलता येत नाही. तोच क्षण. बोनसच्या गुणासाठी अनुप कुमारचा मागचा पाय ज्या क्षणी अधांतरी असे, तोच क्षण त्याच्या पकडीचाही होता. मिळवण्याची वेळ आणि सापडण्याची वेळ एकच.

आम्ही दोघांनी मिळून त्याचे वाक्य केले. माझ्या पहिल्या मसुद्यात 'भारसंक्रमण' असा शब्द होता. तो त्याने सभ्यपणे बाजूला ठेवला. शेवटी उरले ते असे: मागची टाच बघ. ती उचलली की पुढचा पाय तुझा. तो कागद घडी करून त्याने खिशात ठेवला. पंधरा वर्षे त्याच्या अंगात असलेली गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या हातात आली होती. जाताना त्याने सांगितले की अजून त्याला स्वप्नात पकड होते आणि त्याने जाग येते.

तो गेल्यावर मी उत्तरपत्रिकांकडे वळले, पण वाचवेना. कविता शिकवताना मी काय करते? एखाद्या ओळीशी थांबते, आवाज खाली आणते आणि म्हणते, "इथे बघा." कुठे बघायचे, काय उचलले गेले म्हणून ओळीचा भार पलीकडे गेला, हे सांगत नाही. मीही रेषेबाहेरून 'आता!' असे ओरडत आले आहे. ज्यांचा हात आपोआप जातो ती दोन-चार मुले मला हुशार वाटतात; उरलेल्यांविषयी आपल्याकडे सोयीचा सिद्धान्त तयार आहे, की सहृदयता उपजत असते, रसग्रहण शिकवता येत नाही. 'ते अंगात असावं लागतं' असे म्हणणारे प्रशिक्षक आणि आपण यांत फारसा फरक नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाला मी नापास केले तेव्हा त्याला कुठे पाहायचे ते मी सांगितले होते का? उत्तर मला ठाऊक होते.

याच संदर्भात शैलजा जैन यांचे नाव घ्यावेसे वाटते. नाशिकमध्ये त्यांनी कित्येक वर्षे कबड्डीचे प्रशिक्षण दिले, आणि निवृत्तीनंतर इराणच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. तिथे भाषेची भिंत होती, म्हणून त्या फारसी शिकल्या. ऑगस्ट 2018 मध्ये जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला 27-24 असे हरवले. 2010 आणि 2014 या दोन्ही वेळी सुवर्णपदक भारताचे होते. आपल्या वृत्तपत्रांत तेव्हा कौतुक आणि हळहळ दोन्ही होते. मला मात्र आज त्या गोष्टीतली फारसी आठवते. मातृभाषेत जे सांगणे अवघड, ते अंगातले कसब नव्याने मिळवलेल्या शब्दांत मांडायचे. थोडे शब्द, म्हणून प्रत्येक शब्द नेमका. कदाचित परकी भाषा असल्यामुळेच त्यांना 'आता!' एवढ्यावर भागवता आले नसेल. हा माझा तर्क आहे, पण तो मला पटतो.

जानेवारी 2020 मध्ये त्याने सामन्याचे निमंत्रण दिले. घाटकोपरला दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत मैदान आखले होते, बांबूंना दिवे बांधले होते, आणि ध्वनिक्षेपकावर देणगीदारांची नावे अधूनमधून घेतली जात होती. छप्पर नव्हते, मॅटही नव्हते. तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. प्रशिक्षकाला सामन्यात बोलण्याची हक्काची संधी म्हणजे पूर्वार्धात दोनदा आणि उत्तरार्धात दोनदा, मागून घेतलेले अर्धे मिनिट. एका चढाईइतकाच वेळ. पहिल्यांदा त्याने वेळ मागितला तेव्हा तो मुलींशी हळू आवाजात काहीतरी बोलला. मला ऐकू आले नाही.

उत्तरार्धात प्रतिस्पर्धी संघाची उंच मुलगी चढाईला आली. कोपऱ्यातली मुलगी जेमतेम पंधरा वर्षांची असेल. मी तिच्या प्रशिक्षकाकडे पाहत होते. तो ओरडला नाही. ओठ मिटलेले, हात गुडघ्यावर. मातीत हालचाल झाली, धूळ उडाली, आणि उंच मुलगी खाली पडलेली दिसली. तिचा घोटा दोन्ही हातांत घट्ट होता. 'कबड्डी'चा उच्चार अर्ध्यावर तुटला. दम सुटला होता.

सामना त्यांनी सहा गुणांनी गमावला. नंतर चहाच्या टपरीवर मी त्याच्याकडे जुना विषय काढला. त्या सहीचा, त्या वाक्याचा. मला वाटले होते तो विसरला असेल.

"नाही मॅडम, आठवतंय," तो म्हणाला. "बरोबरच होतं तुमचं. पोट नाही भरत. या मुलींच्या आयादेखील मला तेच विचारतात, आणि मी काय सांगायचं ते मला समजत नाही." थोडे थांबून म्हणाला, "त्याचं काही वाक्य करता येईल का?"

मला ते करता आले नाही. दोन महिन्यांनी टाळेबंदी लागली, मैदाने बंद झाली. पुन्हा सराव सुरू झाला तेव्हा त्या संघातल्या तीन मुली परतल्या नाहीत, असे त्याने फोनवर सांगितले. त्यांपैकी दोघींची लग्ने ठरली होती. कोपऱ्यातली मुलगी परतली होती. आता नव्या मुलींना टाचेचे वाक्य तीच सांगते, आणि स्वतःचे म्हणून सांगते.

'दम' या शब्दाच्या तासाला आता मी एक उदाहरण वाढवले आहे. चढाई करणाऱ्याचा दम सुटला की त्याची पाळी संपते. तो रेषेबाहेर येऊन बसतो आणि श्वास सावरतो. त्याने आत काय केले ते त्याला सांगता येते, ते तेव्हाच. आत असताना त्याच्या तोंडी एकच शब्द असतो. मुले हे उदाहरण वहीत उतरवून घेतात. मी मात्र शेवटच्या बाकापाशी जाऊन उभी राहते आणि विचारते, "रात्री कितीला झोपलास?"